हात नव्हता

बसमध्ये तिकीट तपासायच्या नोकरीत माझी तेवीस वर्षं गेली, त्यामुळे माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. बसावा असं मला वाटतही नाही. बसमध्ये चढलो की मी माणसांच्या तोंडाकडे बघायचो नाही, तोंडं सगळ्यांचीच साळसूद असतात. मी हात बघायचो. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याचा हात आधी खिशाकडे जातो, मग मोबाइलकडे, मग उगाचच पुढच्या सीटच्या दांडीकडे. निवृत्त झालो, बस सुटली, पण खोड गेली नाही. माझी सून मेघना म्हणते, "बाबा, तुम्ही देवळातल्या पुजाऱ्यालाही तिकीट विचाराल." वेळ आली तर विचारीनसुद्धा.

तर माझ्या नातीला, मनवाला, डिलाईल रोडवरून लालबागला जिम्नॅस्टिकच्या क्लासला न्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मला तिथलं बंद दार खटकलं. एका शाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, आणि दारावर पाटी, 'पालकांनी बाहेर बसावे'. का म्हणून? आत असं काय आहे जे आम्ही बघायचं नाही? दाराला वरच्या बाजूला काच होती, तिच्यावर आतून कागद चिकटवलेला. पण कागदाचा एक कोपरा सुटला होता. बाकीच्या आया बाकड्यावर मोबाइल चाळत बसायच्या. मी त्या कोपऱ्याशी उभा राहायचो.

शिकवणारी वैशाली. तिशीतली, बारीक चणीची, आणि बोलायची इतकी हळू की माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. वीस पोरींना शिकवणारी बाई एकदाही ओरडत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

मनवा अकरा वर्षांची. जिल्ह्याच्या स्पर्धेला सहा मुलींचा संघ जायचा होता. पाच जणी ठरल्या होत्या. सहाव्या जागेसाठी मनवाला शनिवारी बॅक हँडस्प्रिंग करून दाखवायची होती, तीसुद्धा कोणाच्या आधाराशिवाय. म्हणजे उभ्या उभ्या मागे झेप घ्यायची, हातांवर यायचं आणि तसंच उलटून पुन्हा पायांवर उभं राहायचं. तीन संधी मिळणार होत्या. घरात दुसरा विषयच नव्हता. पोरगी आमटीभात जेवतानाही मध्येच हात वर करून दंड कानांना चिकटवून बघायची.

"आजोबा, वर उडायचंच नाही," ती मला समजवायची. "मागे खुर्ची आहे असं समजून बसायचं. गुडघे पुढे आणायचे नाहीत. आणि बसता बसता मागे जायचं."

"पण खुर्ची नाही ना गो. पडशील."

"नाही पडत. ताईंचा हात असतो ना पाठीला."

त्या हातावर तिची सगळी भिस्त होती. मग मीही तोच हात बघायला लागलो.

सुरुवातीचे दोन आठवडे तक्रारीला जागा नव्हती. वैशाली बाजूला गुडघ्यावर बसायची, एक हात मनवाच्या कमरेमागे, दुसरा मांडीखाली. मनवा विचारायची, "हात आहे ना?" ती म्हणायची, "आहे." मनवा मागे झेपावायची आणि त्या हातांवरून पलीकडे जायची.

मग एका मंगळवारी, चौथ्या उडीला, मी पाहिलं. मनवानं विचारलं, "हात आहे ना?" वैशाली म्हणाली, "आहे." हात पुढे आलाही. पण मनवा मागे गेली तेव्हा तो तिच्या पाठीला लागलाच नाही. चार बोटांवर थांबला आणि हळूच मागे सरकला.

माझं डोकंच फिरलं. लहान पोरीशी तोंडावर खोटं! मी खिशातली छोटी वही काढली आणि नोकरीत लिहायचो तसं लिहिलं : मंगळवार, सायंकाळी ६.१०, चौथी उडी, हात नव्हता. त्या दिवशी असं तीनदा झालं. गुरुवारी चारदा. शुक्रवारी पुन्हा चारदा. अकरा वेळा. हे सगळं संस्थेच्या सेक्रेटरीला नेऊन द्यायचं मी ठरवलं. आयतं पकडलं होतं बाईला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शुक्रवारी घरी परतताना मनवा माझा हात धरून उड्या मारत चालली होती आणि ताईंचं कौतुक करत होती. मला राहवलं नाही.

"त्या बाईवर फार विसंबू नको," मी म्हटलं. "ती हात काढून घेते."

ती थांबली. "कधी?"

"कधी ते सोड. मी बघितलंय ना डोळ्यांनी."

मग उड्या बंद झाल्या. घरापर्यंत नीट, एकेक पाऊल टाकत चालली. मला वाटलं, पोर शहाणी झाली.

शनिवारी कागदाचा कोपरा मी आणखी जरा सोलला. मनवा गादीवर उभी राहिली. वैशाली दोन हात लांब उभी होती. मनवानं हात वर केले, मागे बसली, झेपावली, आणि अर्ध्यावर तिची मान बाजूला वळली. ती हात शोधत होती. मान वळली तसं कोपर वाकलं, आणि ती कपाळावर आपटली. तो आवाज मला दाराबाहेर ऐकू आला.

उठली बिचारी. वैशालीनं कपाळ, मान, हात सगळं तपासलं, बर्फ लावला, थोडं बसवलं. दुसऱ्या संधीला मनवा उभी राहिली, हात वर केले, मागे वळून बघितलं आणि हात खाली घेतले. पुन्हा वर केले, पुन्हा खाली. मग तिथेच उकिडवी बसून रडायला लागली.

"तुझी मान कधी वळत नव्हती," वैशाली तिला म्हणाली. "काय झालं? कोणी काही बोललं का?"

मनवानं दाराकडे बघितलं. त्या फटीतून माझा डोळा तिला नक्की दिसला असणार.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नाही."

मला पाठीशी घातलं पोरीनं. फुकट्यांना पाठीशी घालणारे सोबती मी जन्मभर बघितले, पण माझ्यासाठी हे कोणी पहिल्यांदाच करत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाज वाटली की मला राग येतो. मी दार ढकलून आत गेलो.

"काका, चपला," वैशाली म्हणाली.

मी चपला काढल्या, पण गप्प बसलो नाही. "मी सांगितलं तिला. आणि खोटं नाही सांगितलं. हे बघा." वही उघडून मी मोठ्यानं वाचायला लागलो. "मंगळवार, सहा दहा, चौथी उडी, हात नव्हता. सहा चौदा, हात नव्हता. सहा वीस, हात नव्हता. गुरुवार, सहा पाच..."

वैशालीनं काहीच नाकारलं नाही. सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. मी अकराच्या अकरा नोंदी वाचल्या.

मनवानं कपाळावरचा बर्फ खाली घेतला. "अकरा वेळा?"

"अकरा."

"नक्की हात नव्हता? थोडासुद्धा?"

"चार बोटं लांब होता. माझी नजर चुकत नाही."

"मग मी पडले कशी नाही?"

 मी वहीतलं पान वरपासून पुन्हा वाचलं. हात नव्हता, हात नव्हता, हात नव्हता. बाईचा गुन्हा म्हणून लिहिलेलं सगळं, आणि त्यात पोरगी एकदाही पडल्याची नोंद नाही.

"नाही पडलीस," मी म्हटलं. "अकराही वेळा तू एकटीच गेलीस गो."

तिनं वैशालीकडे बघितलं. वैशालीनं होकाराची मान हलवली, पण मनवानं नजर माझ्याकडेच वळवली. ताईंचा शब्द आता तिला पुरणार नव्हता. ती वाट मीच बंद केली होती.

"दाखवा," ती म्हणाली. मी वही पुढे केली. एकेका ओळीवर बोट ठेवत तिनं पान वाचलं, माझ्या गिचमिड अक्षरासकट, आणि वही परत दिली.

"एक चान्स आहे ना ताई अजून?"

"आहे. पण कपाळ दुखतंय, चक्कर येतेय असं काही असेल तर आज नको. मी सांगेन संस्थेत."

"काही नाही होत." मग मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथेच उभे राहा. नीट बघा."

ती गादीच्या मधोमध गेली. वैशालीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. मनवानं कोणालाच काही विचारलं नाही. हात वर, दंड कानांना. नसलेल्या खुर्चीवर ती मागे बसली, आणि गेली. मान सरळ, कोपरं सरळ, तळवे गादीवर, आणि थाडकन दोन्ही पाय एकत्र खाली.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं घड्याळ बघून मला वेळ सांगितली, सहा चाळीस. पण लिहिणार कशात? वही केव्हाच हातातून गादीवर पडली होती. मनवाच्या कमरेइतक्या उंचीवर, तळवा वर करून, माझा हात तसाच पुढे धरलेला होता, तिच्यापासून चांगला दहा फूट लांब. तो खाली घ्यायला मला जरा वेळ लागला.