पैठणीची धडपड

सुदर्शनच्या खोलीत पैठणी राहते हे किल्लारीत सर्वांना ठाऊक होते. ती साडी नसून पाच फुटांचा साप आहे, हे पाहुण्यांना मात्र सांगावे लागे.

जातीने ती रेनबो बोआ. दूरच्या ओल्या जंगलांतली, बिनविषारी. सावलीत विटकरी दिसे, पाठीवर काळ्या कड्यांची रांग. पण उन्हाचा कवडसा पडला, की जांभळा, मोरपंखी, हिरवा असे रंग तिच्या अंगावरून सरकत जात. जरीच्या पदराची धूपछावच ती. लातूरच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या, चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या सुदर्शनने आयुष्यात एकच हट्ट केला होता, तो हिच्यासाठी. पाच महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका पाळणाऱ्याकडून त्याने तिला आणले, सरकारदरबारी तिची रीतसर नोंद केली. तेव्हा त्याचे वडील शेषेराव एवढेच म्हणाले होते, "ठेव. पण हिच्यापायी काही इपरीत झालं, तर त्याच दिवशी हिला पुण्याच्या गाडीत बसवायचं."

भाद्रपदातल्या त्या रविवारी सकाळी पैठणी वेडीपिशी झाली होती. तीन आठवडे तिने अन्नाला तोंड लावले नव्हते. आता ती काचेवर मुस्कट घासत होती, पेटीच्या कोपऱ्यातून वर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. सुदर्शनने पाण्याचा फवारा मारला, तापमापक पाहिला, वही उघडली आणि मिटली.

"कवापासून करून राहिली ही असं?"

दारात सरजाआत्या उभी होती. शेषेरावांची ही थोरली बहीण. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा आणि दोन लेकरे गेली. तेव्हापासून ती भावाकडे होती, पण निजायला अंगणातल्या पत्र्याच्या छपरीत. सिमेंटच्या घरात ती कामापुरती येई आणि काम होताच बाहेर पडे. भाद्रपद लागला की मुंग्यांच्या रांगा, कुत्र्यांचे रडणे, सगळ्यांवर तिची नजर असे.

"पहाटेपासून, आत्या."

आत्याचा चेहरा उतरला. "भुई हालायच्या आदल्या सांजच्याला असाच एक जीव धान्याच्या बळदाच्या भिताडावर चढाय बघत व्हता. चढायचा, पडायचा. म्या डोळ्यांनी बघितलं. म्हटलं, कुणाला सांगावं, हसतील." ती क्षणभर थांबली. "न्हाई सांगितलं रं कुणाला. आज सांगते."

आणि सुदर्शन काही बोलायच्या आत तिचा आवाज गल्लीभर घुमला. "निघा रं! पैठणी येडी झालीया! लेकरं घ्या, भाईर निघा!"

दुसऱ्या गावात लोक आधी हसले असते. किल्लारीत लोक आधी बाहेर आले आणि मग हसले. पाव तासात मोकळ्या मैदानावर गल्ली जमली. कुणी गॅसची टाकी उचलून आणली होती, कुणी म्हैस. जमीन मात्र स्वस्थ होती. शेजारचे बजरंगकाका अर्ध्या गालाला साबण लावूनच आले होते.

"सरजाआक्का, तुमच्या सापानं टाइम काय दिलाय? न्हाई, माझी निम्मी दाढी राहिलीया."

हशा पिकला. शेषेराव खाली मान घालून पोराजवळ आले. "आज सांजच्याच गाडीनं. ऐकलंस का?"

सुदर्शनने ऐकले होते. सापाच्या अस्वस्थतेला शंभर कारणे असतात, हे तो पुस्तकांतून शिकला होता. पण आता ते समजावून सांगितले, तर आत्यालाच लोक आणखी हसतील, हेही त्याला कळत होते. मैदानाच्या मधोमध, लिंबाखाली ती एकटीच, घरांकडे डोळे लावून उभी होती. तो घरात गेला. काचेची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाय जपून टाकत बाहेर आला आणि आत्याच्या शेजारी ती त्याने टेकवली.

"आत्या म्हणते, तर भाईरच थांबायचं," तो म्हणाला. ते सर्वांना ऐकू गेले. "मी बी थांबतो. ही बी थांबती."

बजरंगकाका काही बोलणार, तोच सुदर्शन पेटीवर वाकला. पानांतून गळणारे ऊन पैठणीवर पडले होते. तिचे शेपूट उचलले गेले, अंगातून एक लाट सरकली, आणि पारदर्शक पिशवीत गुंडाळलेले काहीतरी ओल्या शेवाळावर पडले. पिशवी हलली. फाटली. इवलेसे डोके बाहेर आले.

"आत्या!" सुदर्शन ओरडला. त्याला असे ओरडताना गल्लीने कधी ऐकले नव्हते. "बाळंत होतीय! आपली पैठणी बाळंत होतीय!"

"येडा का काय? साप अंडी घालतो की रं!"

"ही पिलं घालते, काका! आणली तवाच पोटुशी असणार! दुसरं आलं! आत्या, बघ, तिसरं!"

माणसे पेटीवर तुटून पडली. आत्याने दोन्ही हात पसरले. "मागं सरा! बाप्यांनी तोंडं फिरवा आधी! बाळंतीण हाय ती, काही लाजलज्जा?"

आणि खरोखरच पुरुषांनी पाठी फिरवल्या. निम्मी दाढी घेऊन बजरंगकाकाही म्हशीकडे पाहत उभे राहिले. "आक्का, किती झाले?" "नऊ!" "आता?" "थांब की, जीव खातंय नुसता. अकरा!" आत्याने पदराचा आडोसा धरला होता. आडोशाआड, सुदर्शनच्या डोळ्यांदेखत, एकेक ओले पिल्लू उन्हात येताच निळ्याजांभळ्या ठिणगीसारखे पेटत होते. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

चौदा झाली. पैठणी शांत वेटोळे करून पडली.

शेषेरावांनी पाठमोरेच विचारले, "ह्यांचे बी कागद करावे लागतील का?"

"हाव, अप्पा. एकेकाची नोंद."

"मग कागद झाल्याबिगर पुण्याला धाडायचं कसं?" असे पुटपुटत ते म्हैसवाल्याला वाट करून देऊ लागले. सांजच्या गाडीचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

गल्ली पांगली. आत्या पेटीशीच बसून होती.

"सुदर्शन, तवाचा त्यो जीव बी असाच अडलेला असंल का रं?"

"कसं सांगू, आत्या? असंल बी."

पेटीवर पडलेले लिंबाचे पान तिने पदराने झटकले. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "ऊन चढलं. बाळंतिणीला घरात घे. धर तिकडून."

दोघांनी पेटी आत नेली, खोलीत ठेवली. आत्या आता बाहेर पडेल म्हणून सुदर्शन दारातून बाजूला झाला. ती मात्र सिमेंटच्या भिंतीला पाठ लावून खाली बसली, पेटीकडे तोंड करून, बोटांवर पिल्ले मोजत.

"तेराच दिसतेत," ती दचकून म्हणाली. मग काचेला नाक लावून हसली. "हाय, हाय. आईच्या कुशीत बसलंय."