सावडीची गाडी

सरकारनं त्या इंजेक्शनचा दर निम्म्यावर आणला, तेव्हा हिवरखेडचे खुशालराव पेढे घेऊन थेट अकोल्याला साधनाच्या औषध दुकानात आले. त्यांच्या पार्वताबाईंना कॅन्सर; दर तीन आठवड्यांनी हेच इंजेक्शन लागायचं.

"पोरी, आता बुढीचा इलाज मधातच सुटत नाही," म्हणत त्यांनी पेढा तिच्या हातावर ठेवला.

साधनाला तो तोंडात घालवेना. सकाळीच नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला होता. दराबरोबर त्याचा नफाही उतरला, आणि चार इंजेक्शनांसाठी थंड पेटीची गाडी अकोल्यापर्यंत पाठवणं त्याला आता परवडेना. मोठी ऑर्डर द्या, म्हणाला. तिचं दुकान मोठ्या आजारांच्या, फ्रिजमध्ये जपायच्या औषधांचं, गिऱ्हाईकं मोजकी. मोठी ऑर्डर आणायची कुठून? स्वस्ताई आली आणि मालच गायब, म्हणजे मांडव सजला अन् नवरदेव पळाला! तिला सरकारचा राग येईना, व्यापाऱ्याचाही येईना. राग काढायला कुणी नसलं की माणूस जास्तच चिडतं.

"मंगळवारी इंजेक्शन हाये ना?" खुशालरावांनी विचारलं.

"हाये. आणा काकूले," ती बोलून गेली. पेढा तिनं कागदात बांधून ठेवला.

साधनाही हिवरखेडचीच. तिच्या बापाकडं एकच बैल होता, शेजारच्या मोतीरामकडंही एकच. दोघांचं बांधावरून हाडवैर, पण पेरणी आली की सावड करायचे. दोन बैल एका तिफणीला. आज याचं वावर, उद्या त्याचं. भांडण पेरणीनंतर.

अमरावतीत हरिहरकाकांचं असंच दुकान होतं. 'अकोल्याची पोरगी औषध नीट थंड ठेवत नाही,' असं ते गिऱ्हाइकांना सांगतात हे कळल्यापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. आज तिनं अभिमान गिळून फोन लावला.

"काका, सावड करता का?"

"म्हणजे काय गं?"

"तुमचा एक बैल, माझा एक. ऑर्डर आपापल्या नावानं, पण एकाच दिवशी. गाडी अमरावतीवरूनच इकडे येते."



"काल मी हेच इंजेक्शन न्यायला आलेल्या एका मुलीला रिकाम्या हातानं परत पाठवलं," काका म्हणाले. "फार लाज वाटली. पण तुझा तो फ्रिज..."

"भांडण पेरणीनंतर, काका!"

ते हसले. दोघांची ऑर्डर मिळून व्यापाऱ्याचंही गणित बसलं.

मंगळवारी गाडी अमरावतीला थांबून साधनाच्या दारात आली. पेटी उघडली, आतला थर्मामीटर पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. दुपारी दवाखान्यात पार्वताबाईंना इंजेक्शन सुरू झालं, तेव्हा खुशालराव सांगायला आले आणि बोलता बोलता रडले.

तेवढ्यात फोन वाजला.

"पेटी थंड पोचली ना?" हरिहरकाका म्हणाले. "झाली पेरणी. आता तुझ्या फ्रिजचं बोलू."

साधनानं कडक झालेला पेढा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "भांडा, काका."