आधी शब्द, मग नाव

उज्वलाच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ते भांडायलाच. आज तिचं नाव निघालं की मी दुसऱ्याला बोलू देत न्हाई, एवढं कौतुक सांगते, पण त्या दिवशी उरवड्याहून पिरंगुटला जाताना मी रिक्षावाल्याला म्हणले होते, "थांब हितंच, पाच मिनिटांत तिची जिरवून येते." तो म्हणला, "मावशी, वेटिंग लागंल." म्हणलं, लागू दे.

उज्वला म्हंजे मेंढरंवाल्या म्हसूची पोरगी. शिकली, बी.ए. झाली, आणि मोबाइलवर 'मुठाकाठ' नावाचं बातम्यांचं चॅनेल हाय, त्यावर रोज संध्याकाळी सहाला तालुक्याच्या बातम्या लाइव वाचायची. स्टुडिओ कसला, हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, टेबल आणि मागं निळा पडदा. पण ऐकणारं लई. आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपनीतली यूपीची पोरंसुद्धा ऐकायची. त्यांना निम्मं कळायचं न्हाई, तरी म्हणायची, "दीदी साफ बोलती है."

निवडणूक होती ग्रामपंचायतीची. एक आमचं ग्रामविकास पॅनेल, एक त्यांचं परिवर्तन पॅनेल. माझे मालक कुशाबा आमच्या पॅनेलचे पुढारी, तवा आमच्या घरात चहाचं पातेलं दिवसभर गॅसवरच. त्या गडबडीत परिवर्तनच्या शेखरनं फाट्यावरचा आमचा बॅनर फाडला. आमचा एक माणूस अडवायला गेला, त्याला ढकललं. माणूस पडला, गुडघा खरचटला. झालं ते एवढंच झालं. संध्याकाळी उज्वलानं शेखरचं नाव घेऊन वाचलं, 'परिवर्तनच्या गुंडांचा उरवड्यात धुडगूस.'

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बचत गटाला पाठवलं, भजनी मंडळाला पाठवलं, माहेरच्या ग्रुपला पाठवलं. शेखरची सोयरीक जमत आली होती. मुलीकडच्यांनी ती बातमी बघितली आणि निरोप धाडला की गुंडाच्या घरात पोरगी देत न्हाई. मला हे कळलं तवा मी भाकरी थापत होते. खोटं कशाला सांगू, मी हसले.

मग पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, आमच्या इंद्रजितनं तेच केलं. इंद्रजित माझा एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, कंपनीत मशिनवर हाय. परिवर्तनच्या बॅनरवर त्याच्या बापाविषयी कायबाय लिहिलं होतं. ह्यानं बॅनर टराटरा फाडला. शेखरचे चुलते चंद्रकांतभाऊ मधी आले, साठी उलटलेला माणूस, त्यांना ह्यानं दोन्ही हातांनी ढकललं. ते कोपरावर पडले. मी समोरच्या डेअरीत उभी होते. सगळं बघितलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण रविवारी इंद्रजितचा साखरपुडा होता, कासारसाईला. पोरगी गौतमी, बावधनला दातांच्या दवाखान्यात कामाला. सोन्यासारखी पोरगी. दोन वर्षं हुडकत होतो आमी. कंपनीतल्या पोराला नको, भाड्याच्या खोल्यांचं घर नको, असं ऐकून ऐकून कान किटले होते, आणि आता कुटं ठरलं होतं. तिचे वडील शिक्षक, रिटायर झालेले, स्वभावानं कडक. त्यांनी 'गुंड' एवढा एक शब्द ऐकला असता तरी सगळं मोडलं असतं. शेखरचं मोडलंच होतं की.

तेवढ्यात 'मुठाकाठ'चे मालक अण्णासाहेब, त्यांचा फोन आला. आमच्या पॅनेलची जाहिरात त्यांच्याकडं चालू होती. म्हणले, "वहिनी, अजिबात काळजी करू नका. 'संतप्त ग्रामस्थांच्या भावनांचा उद्रेक' असं टाकतो. नाव येणार न्हाई." माझ्या जिवात जीव आला. आणि दुपारी बघते तर उज्वला फाट्यावर हजर, हातात वही.

"काकू, सकाळी तुमी डेअरीत होतात ना? काय झालं?"

"मी काय बघितलं न्हाई बाई. पाठमोरी होते."

ती म्हणली, "बरं." वहीत लिहिलं आणि चंद्रकांतभाऊंच्या घराकडं गेली. त्या 'बरं'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वाजता मी रिक्षा केली.

जिना चढले तर आत आधीच वादावादी चालली होती. अण्णासाहेब खुर्चीत, उज्वला उभी. टेबलावर तिचा फोन वाजला, तिनं स्पीकरवर घेतला. परिवर्तनचं कुणीतरी ओरडत होतं, "आता म्हण की गुंड! आमच्या वेळी बरी जीभ चालली तुजी. आज ग्रामविकासला गुंड म्हणली न्हाईस तर तू विकलेली हायेस, गावभर सांगू!" तिनं ऐकून घेतलं आणि म्हणली, "सहा वाजता ऐका दादा." फोन ठेवला.

मी तिथनंच सुरू झाले. "ए पोरी, माज्या पोराला गुंड म्हणलीस तर बघ. त्याच्या लग्नात माती कालवलीस तर तुजा पडदा फाडून टाकीन!"

ती वळली. मला वाटलं होतं ही रडंल न्हाई तर उलटं बोलंल. ती म्हणली, "काकू, बसा. इंद्रजितदादाला गुंड म्हणायचंच न्हाई."

मी धपकन बसले. अण्णासाहेबांच्याही तोंडावर हसू आलं.

"पण शेखरला म्हणलं होतं, ते मागं घ्यायचंय," ती म्हणली. "आणि दादाचं नाव घ्यायचंय."

अण्णासाहेबांचं हसू गेलं. "उज्वला, तुला पगार कोण देतं गं?"

"तुमी देता अण्णा."

"मग 'भावनांचा उद्रेक' लिही आणि मोकळी हो. शेखरची बातमी जुनी झाली. कशाला उकरायची?"

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी जन्मात इसरणार न्हाई. तिच्या बापाच्या कळपात तीन घरांची मेंढरं एकत्र चालतात. ज्याची त्याची ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंग असतो, कुणाचा लाल, कुणाचा हिरवा, कुणाचा निळा. एखादं मेंढरू कुणाच्या रानात शिरलं की बघणारा पळत येऊन म्हसूला सांगतो. तर त्यांच्यात रीत अशी, की आधी सांगायचं काय झालं : किती शिरली, किती खाल्लं. त्यावर म्हसू ठरवणार, ज्याची असतील त्यानं इतके दिवस एकट्यानं राखण करायची. ते ठरलं की मगच रंग विचारायचा. आधीच कुणी रंग बोललं तर म्हसू त्याचं ऐकतच न्हाई, म्हणतो, जा, परत बघून ये. लहानपणी उज्वलाला असं तीनदा माघारी धाडलं होतं.

"मी बातमी तशीच लिहिते," ती म्हणली. "आधी नाव न घालता. काय झालं तेवढं. शब्द ठरले की मग नाव घालते. शेखरच्या दिवशी अण्णा, तुमचा फोन आला, 'परिवर्तनवाल्यांनी राडा घातलाय, लिही.' मी रंग आधी ऐकला आणि शब्द मागनं आला. तो शब्द तुमी न्हाई लिहिलात, मी लिहिला. त्यात त्याचं लग्न मोडलं."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई, पण मी खाली मान घातली. भाकरी थापताना हसलेली मी, मला आता कुटं बघावं कळंना.

तरी माज्या तोंडातनं निघालंच, "अगं बाई, मग त्याचं मागं घे की. आमचं नाव कशाला? एकाला सोडलं तर दुसऱ्याला बी सोड."

"सोडत न्हाई काकू. दोघांचं सारखंच सांगणार."

अण्णासाहेब म्हणले, "असं वाचणार असशील तर उद्यापासून येऊ नकोस." ती म्हणली, "बरं." तसंच 'बरं', दुपारसारखं. त्या वेळी मला समजलं की त्यात टोमणा न्हाई. ती ऐकलेलं फक्त ऐकून घेते. सहाला एक मिनिट कमी होतं. ती पडद्यापुढं बसली, केस मागं केले. अण्णासाहेबांनी तिला उठवली असती, पण लाइव सुरू झालं होतं आणि ऐकणारे साडेचारशेच्या वर गेलेले. मी कोपऱ्यात सरकले.

तिनं वाचलं, "पंधरा दिवसांपूर्वीच्या बातमीत मी परिवर्तन पॅनेलच्या शेखर यांना गुंड म्हटलं. त्यांनी विरोधी पॅनेलचा बॅनर फाडला आणि अडवणाऱ्या एका माणसाला ढकललं, त्यांना खरचटलं. एवढंच घडलं होतं. गुंड हा शब्द माझा होता आणि तो चुकीचा होता. मी त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागते. आज सकाळी ग्रामविकास पॅनेलच्या इंद्रजित यांनी विरोधी पॅनेलचा बॅनर फाडला आणि अडवणाऱ्या चंद्रकांत यांना ढकललं, त्यांच्या कोपराला लागलं." आवाज जरासुद्धा हलला न्हाई. मग पाणीपुरवठ्याची बातमी वाचली, हवामान वाचलं, नमस्कार केला, उठली आणि पर्स घेतली.

पोरीची नोकरी गेली होती आणि ती मला विचारत होती, "काकू, रिक्षा थांबलीय का? मला फाट्यापर्यंत सोडता?" मी सोडली. भांडणात मी कुणाला हार जात न्हाई, पण हिच्याशी भांडायचं कसं तेच मला सुचंना. तीन दिवसांनी तिनं स्वतःच्या फोनवरनं बातम्या सुरू केल्या, म्हसूच्या घरापुढं खुर्ची टाकून. मागं मेंढरं ओरडतात. ऐकणारं कमी हाय, पण दोन्ही पॅनेलची माणसं ऐकतात, आणि दोघंबी तिच्यावर चिडून असतात. वाघीण हाय ती!

त्या मंगळवारी रात्रीच, आठला, कासारसाईहून फोन आला. गौतमीचे वडील. "साळूताई, बातमी ऐकली. दुसऱ्या कुणीतरी मला कळवलंय की तुमचा मुलगा गुंड आहे. तुम्ही तिथं होतात का?"

मालक समोरनं हातानं खुणावत होते, न्हाई म्हण, न्हाई म्हण. 'पाठमोरी होते' जिभेवर तयार होतं. मी म्हणले, "होते. ढकललं त्यानं. मी डोळ्यांनी बघितलं."

ते म्हणले, "रविवारी या. पण ज्यांना ढकललं त्यांना सोबत आणा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. मग ठरवू."

घ्या! ज्याच्या पुतण्याचं लग्न मोडलं म्हणून मी हसले, त्या माणसाच्या जिभेवर माज्या पोराचं लग्न. सकाळी इंद्रजितला हाताला धरून चंद्रकांतभाऊंच्या दारात नेलं. शेखर ओट्यावर बसला होता, उठून आत निघून गेला. इंद्रजित भाऊंच्या पाया पडला. मी कासारसाईचं सांगितलं. भाऊ लई वेळ कोपरावरची पट्टी चाचपत बसले, मग म्हणले, "येतो."

रविवारी आमच्या जीपमधी ते पुढं बसले. मी मनात म्हणत होते, हा माणूस आज सगळं वसूल करणार, आणि करू दे, त्याचा हक्कच हाय. तितं पन्नास माणसं बसली होती, गौतमी दाराआड उभी. तिच्या वडलांनी विचारलं, "चंद्रकांतराव, काय झालं?"

भाऊ उभे राहिले. "ह्यानं मला ढकललं. कोपराला लागलं, अजून दुखतंय. दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला, तो आईनं आणला म्हणून आला. पोरगं तापट हाय. गुंड न्हाई." आणि खाली बसले.

गौतमीच्या वडलांनी आत बघितलं. गौतमीनं मान हलवली. कुणीतरी हळदीकुंकवाचं ताट पुढं आणलं, आणि बायका उठल्या. मला रडू आवरंना. रडता रडता एकच डोक्यात, की मला कुणी असं पन्नास माणसांत शेखरचं विचारलं असतं तर मी काय बोलले असते? मला ठाऊक हाय मी काय बोलले असते.

मी डोळे पुसले आणि उभी राहिले. मालक म्हणले, "आता काय?" मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई.

"पाव्हणं," मी म्हणले, "तुमच्या भावकीत अजून लग्नाची पोरगी असंल तर एक पोरगा हाय आमच्या गावात. त्यानं एक बॅनर फाडला, आणि एका माणसाला ढकललं, त्याचा गुडघा खरचटला. ते खरं. घर बघून घ्या, काम बघून घ्या. नाव शेखर. ह्या चंद्रकांतभाऊंचा पुतण्या. त्याचं जमलेलं मोडलं तवा मी हसले होते, ते बी खरं."