गाळ बसेपर्यंत

“अप्पा, हलू नका!” आश्लेषा ओरडली.

मी गुडघाभर पाण्यात होतो. माझी बायको विमला, तिचं आज वर्षश्राद्ध. विधी थोरल्या मुलाने, सुमंतने केले. पिंड पाण्यात सोडायला मात्र मीच उतरलो. तिचं तेवढं तरी माझ्या हातून व्हावं.

उतरलो तो नेमका मुलीच्या, आश्लेषाच्या कामाच्या जागेवर. देवनहळ्ळीजवळच्या या तळ्यातल्या माशांचा ती अभ्यास करते. पायांनी गाळ उठला, पाणी चहासारखं झालं. आत्तापर्यंत घोळक्याने फिरणारे मासे दिसेनासे झाले.

“पळाले का गं?”

“इथेच आहेत. गढूळ पाण्यात ते एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून घोळका मोडतो. नितळलं की जमतील. पण पाय उचलू नका, पुन्हा गाळ उठेल.”

“अप्पा, तिला विचारा, किती वेळ? कॅब थांबलीय,” सुमंत काठावरून म्हणाला.

“त्याला सांगा, घाई असेल तर जा म्हणावं.”

वर्षभर हे असंच. विमलाला शेवटी घरी आणायचं की दवाखान्यातच ठेवायचं, यावरून दोघं भांडली. विमला दवाखान्यातच गेली. आज सकाळी पानावर बसल्यावरही सुमंत मलाच म्हणाला, “तिला तूप वाढायला सांगा.” इथून निघाली की पुढच्या श्राद्धापर्यंत दोघं एका जागी यायची नाहीत.

“मी काय पोस्टमन आहे?” मी म्हणालो. “हलू नका म्हणालीस ना? मग आता बोलणारही नाही.”

सुमंत दगडावर बसून पाण्यात बघू लागला.

“एक दिसला,” तो म्हणाला. मला नव्हे, कोणालाच नव्हे. “अजून एक.”

“कुठे?” आश्लेषा वाकली. “अण्णा, स्वल्प सरक. तुझी सावली पडतीय.”

“सरी, बरं,” म्हणून तो सरकला. ती त्याच दगडावर टेकली.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. “आई घरी न्या म्हणत होती रे.”

“ऐकलं होतं मी. घरी काही झालं असतं तर... भ्यायलो होतो गं.”

वर रस्त्यावर कॅबवाल्याने हॉर्न दिला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

पाणी नितळलं होतं. मला माझ्या पायांची बोटं दिसत होती, त्यांच्याभोवती मासे जमत होते. तळव्याखाली मघापासून एक खडा टोचत होता.

मी पाय उचलला नाही.