वजनाची चड्डी

माझी धाकटी बहीण फेबे आणि मी एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिचा ताकोंडवा नुसता लोण्याचा गोळा. माझा लिम्बानी सडपातळ. आमच्या चिल्वा सरोवराकाठी महिन्यातून एकदा आंब्याखाली काटा टांगतात, आणि आरोग्यसेवक कचालेसाहेब सगळ्या गावासमोर वजनाचा आकडा मोठ्याने ओरडून सांगतात. तिसऱ्या महिन्यात त्यांनी फेबेच्या बाळाच्या वजनाचं कार्ड उंच धरलं. "आई असावी तर अशी!" बायकांनी तिच्या नावाचं गाणं म्हटलं. आमची आईसुद्धा नाचली. माझं नाव कुणी घेतलं नाही, ते काही मी विसरले नाही.

इथे वजनाची चड्डी ज्याने त्याने घरून शिवून आणायची. मूल त्यात घालायचं आणि चड्डीच काट्याच्या हुकाला अडकवायची. नवऱ्याच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात. त्यातले मूठभर मी कमरपट्टीत शिवले. पुढच्या महिन्यात आणखी चार, नंतर आणखी. कार्डावर लिम्बानीची रेघ झकास चढू लागली. रेघ चढतेय म्हटल्यावर मूल खंगलंय का ते बघायची रंगीत पट्टी दंडाला लावायची साहेबांना गरज वाटेना. लिम्बानी रडेनासा झाला, तर मला वाटलं, शहाणा झाला.

आठव्या महिन्यात रांगेत उभी होते, तेवढ्यात फेबे आली.

"ताई, तुझी चड्डी दे गं. ह्याने वाटेतच माझी घाण केली."

"आधी माझा नंबर आहे."

"मग तुझं झाल्यावर दे. त्यात काय एवढं?"

चड्डीला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. लिम्बानीचं वजन झालं, सात किलो शंभर. मी निमूटपणे चड्डी सोडून दिली.

फेबेने ताकोंडवाला टांगलं. साहेब काट्याकडे बघतच राहिले.

"दहा किलो दोनशे! गेल्या महिन्यात नऊ होता! अगं, ह्याला काय मगरीचं दूध पाजतेस?"

हशा पिकला. टाळ्या सुरू झाल्या. आई कंबर हलवत पुढे आली आणि पुन्हा तेच गाणं, पुन्हा फेबेचंच नाव. माझ्या मण्यांवर तिची आरती! गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला ते बघवेना.

"खोटं आहे!" मी किंचाळले. ताकोंडवाला खाली उतरवून चड्डी ओढून काढली आणि दातांनी शिवण उसवली. मणी टपटप मातीत पडले.

गाणं थांबलं.

"चड्डी कुणाची?" साहेबांनी हळूच विचारलं.

उसवलेली चड्डी माझ्याच हातात होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कुणीतरी दुसरी चड्डी द्या. लिम्बानीचं वजन परत करू."

फेबेने पिशवीत हात घातला आणि स्वतःची चड्डी काढली. स्वच्छ, कोरडी, घडी न मोडलेली.

सहा किलो शंभर. हा आकडा साहेब ओरडले नाहीत. त्यांनी लिम्बानीच्या दंडाला पट्टी गुंडाळली, ती थेट लाल रंगावर थांबली. "अजून महिनाभर हे असंच चाललं असतं ना, बाई..." एवढंच म्हणून त्यांनी शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं मोजून दिली. पहिलं पाकीट मी तिथेच फोडलं. लिम्बानी ते इतक्या घाईने चोखू लागला की मला रडू फुटलं.

घरी जाताना फेबेने मला वाटेत थांबवलं. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाच्या टोकात तिने मणी गोळा करून बांधले होते.

"हे घे. भावोजी शोधत असतील."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या महिन्यात तुझी चड्डी दोरीवर वाळत होती. दोरी जमिनीला टेकली होती."

"मग मला सांगायचंस!"

"माझं ऐकलं असतंस? पोराच्या बरगड्या तुला दिसत नव्हत्या, ताई. माझं कौतुक तेवढं दिसायचं. म्हटलं, तेच दाखवू."

मणी मी माझ्या चितेंजेत बांधून घेतले. पाठीवर लिम्बानी काहीच वजन नसल्यासारखा झोपला होता. माझ्या लेकराची काळजीसुद्धा तिनेच माझ्याआधी केली होती. मला त्याचाही हेवा वाटला.