लॉगची साक्ष

"चूक लपवायला तुम्हाला माझं नाव सापडलं," फ्लोरा म्हणाली आणि तिने छापील कागद संचालकांच्या पुढ्यात ढकलला.

इस्राएलमधल्या अश्केलोनच्या त्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं नोंदणीला होती. कागद लॉगचा होता. कोणी, कधी, काय केलं ते डेटाबेसचा सर्व्हर त्यात आपणहून लिहीत जातो. एका ओळीखाली लाल रेघ मारलेली. सोमवारी अकरा वीसला फ्लोराने एका रुग्णाची ॲलर्जीची नोंद पुसली, असं ती ओळ सांगत होती. त्याला नको ते इंजेक्शन गेलं, मरता मरता वाचला.

अकरा वीसला ती मामेभावाकडे मलिद्याच्या प्रार्थनेला बसली होती. मग पासवर्ड कोणाला दिलास, असं संचालकांनी विचारलं. मशीन खोटं बोलत नाही, हेही वर ऐकवलं.

सर्व्हर सांभाळायला पुण्याहून दोन वर्षांसाठी आलेला आदेश कोपऱ्यात उभा होता. तो पुढे झाला. रुग्णांनी तक्रार लिहायची चौकट त्याने उघडली, 'पाणी थंड नाही' असं लिहिलं, एंटर मारला आणि खाली लॉगच्याच थाटाची एक ओळ टाइप केली. मग त्याने लॉग उघडून दाखवला.

संचालकांच्या नावावर, त्याच मिनिटाची, एक नोंद पुसल्याची ओळ होती.

संचालक खुर्चीतून अर्धे उठले. आपण तर इथेच बसलोय, एवढंच कसंबसं म्हणाले.

"लोकांनी लिहिलेलं हा लॉग जसंच्या तसं उतरवून घेतो, एंटरसकट," आदेश म्हणाला. "एंटरनंतरचं नव्या ओळीवर जातं आणि लॉगचीच खरी नोंद वाटतं. एंटरची ती खूण आधी निकामी करायला हवी होती, ती केलेलीच नाही. फ्लोराआंटींनी काही पुसलं नसेल. ती ॲलर्जी मुळात कोणी लिहिलीच नसेल, आणि ते झाकायला कोणीतरी ही ओळ इथूनच घुसवली असेल."

संचालकांनी तिच्या बडतर्फीचं तयार पत्र फाडलं. घरी जा, आराम कर, म्हणाले.

फ्लोरा उठली नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर इलाना बसायची. गेल्या वर्षी अशाच एका ओळीवरून तिला काढलं. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून ती शपथा घेत होती. आता एलातच्या हॉटेलात चादरी बदलते. चौकशीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही फ्लोराची होती. वर फ्लोराच इलानाला म्हणाली होती, मशीन कशाला खोटं बोलेल गं?

तिने संचालकांचा फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"इलानाला कोण सांगणार? तुम्ही की मी?"

संचालक फाटलेल्या पत्राचे तुकडे गोळा करत राहिले.

"मी विचारतेय. बोला."