वेगळी चूल

मी निळी वायर बोलतेय. रुग्णवाहिकेसाठी लोक जिथे फोन करतात, त्या कचेरीच्या मागच्या थंडगार खोलीत मी राहते. माझं एक टोक सर्व्हरच्या पाठीत, शेजारीच पिवळ्या वायरीचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईने पहिल्याच दिवशी आमचं नाव पाडलं, दोघी जावा. पिवळी थोरली, मी धाकटी.

सगळी ये-जा थोरलीतून. ती तुटली किंवा निसटली, तर मी पदर खोचून उभं राहायचं, असं ताईने सर्व्हरला बजावून ठेवलं होतं. तोवर नुसता हिरवा दिवा लावून बसायचं. "खायला काळ नि भुईला भार," थोरली टोमणा मारायची. मला कधी राग आला नाही. गार हवा, पंख्याची घरघर, कामाची कटकट नाही. असं सासर किती जणींना मिळतं?

ताईने परीक्षाही घेतली होती. थोरलीला उपसलं, मी लगेच काम उचललं, सगळे खूश. पण आमची दुसरी टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या एकाच डब्यात खोचलेली होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जावा दोन आणि चूल एक.

एका दुपारी तो डबाच बंद पडला. आम्ही दोघीही मुक्या झालो. बाहेर लोकांचे फोन घेणाऱ्या काकू तेव्हा फोनवर होत्या. कुणा आजोबांना जोराची धाप लागली होती आणि पत्ता टाइप करता करता स्क्रीन अडकली. काकूंना ऐकलेला पत्ता मोठ्याने म्हणायची खोड; सगळे त्यांना रेडिओ म्हणून चिडवायचे. त्या खिडकीशी धावल्या आणि खाली उभ्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पत्ता ओरडून सांगितला. आजोबा वाचले. त्या दिवसापासून त्यांना कुणी चिडवलं नाही.

ताईने डबा बघून कपाळाला हात लावला. "दोघी एकाच चुलीवर. माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"आता आलंय ना?" तिचे साहेब म्हणाले. "मग धाकटीची वेगळी चूल मांड."

वेगळ्या चुलीने घर मोडतं म्हणतात. आमचं सावरलं. मला दुसरा डबा मिळाला, दुसरा प्लग, बाहेर पडायला दुसरी वाट. आता ताई परीक्षा घेते तेव्हा वायर उपसत नाही, सरळ डबाच बंद करते.

गेल्या आठवड्यात थोरलीचा डबा पुन्हा रुसला, आणि काकू नेमक्या पत्ता लिहीत होत्या. मी पदर खोचला. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

"काकू, मघाशी काही जाणवलं का हो?" ताईने नंतर विचारलं.

"काय जाणवायचं?"

या उत्तराने माझं पोट भरलं.

परवा एक नवीन साहेब आत डोकावले. मला चिमटीत धरून म्हणाले, "ही रिकामीच दिसते. काढून टाकू?" ताईने त्यांचा हात हळूच बाजूला केला. पण ताई रोज थोडीच असणार? म्हणून तुम्हालाच सांगते. मी नावाची जाऊ आहे, पण मला जायचं नाहीये.